घामातले मीठ

सिस्टिक फायब्रोसिस हे नाव आपल्या महाविद्यालयात फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. क्षय, मलेरिया, मधुमेह ही नावे घराघरांत ठाऊक आहेत. हे नाव मात्र उच्चारतानाच जीभ अडखळते. अमेरिकेत १९६५ साली एका चार वर्षांच्या मुलाने आपल्या घरातल्या या रोगाचे नाव ‘सिक्स्टी फाइव्ह रोझेस’, म्हणजे ‘पासष्ट गुलाब’, असे ऐकले आणि तिकडे ते लाडके नाव होऊन बसले. आमच्या घरी याला ‘खारट दुखणे’ म्हणतात. ते नाव आजीने दिले आहे आणि वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही ते काही वाईट नाही.

हा रोग माझ्या मामाच्या मुलाला आहे. तो आठ वर्षांचा आहे. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळे दवाखान्याचे सर्व कागद माझ्याकडे आले आणि ते मामा-मामींना, आजीला, शेजारच्यांना समजावून सांगण्याचे कामही माझ्याचकडे आले. ते करताना जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून घेतले, ते येथे मांडत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तेव्हा शास्त्रीय शब्दांचा फार पसारा मांडण्याचे धाडस करीत नाही.

युरोपात फार जुनी एक समजूत होती. ज्या मुलाच्या कपाळाचा मुका घेतला असता खारट लागतो, ते मूल जगत नाही. मला ही गोष्ट वाचून नवल वाटले, कारण आमच्या मामीने ती कोणी न सांगताच ओळखली होती. मूल तीन महिन्यांचे असताना ती म्हणे, “याचा मुका घेतला की ओठांना मीठ लागतं.” उन्हात खेळून आला की त्याच्या कपाळावर पांढरी खर दिसे, सदऱ्यावर पांढरे पट्टे उमटत. सगळ्यांनी हसण्यावारी नेले. पोर जेवे भरपूर, पण अंगाला काही लागत नसे. पोट नगाऱ्यासारखे आणि हातपाय काड्या. बारा महिने खोकला. शौच तेलकट, चिकट, आणि त्याची दुर्गंधी अशी की घरातली माणसे नाक धरीत. ही चार लक्षणे, म्हणजे खारट घाम, न हटणारा खोकला, तेलकट शौच आणि खाऊनही न वाढणारे शरीर, एकाच रोगाची आहेत हे कोणाच्या ध्यानात येण्यास सात वर्षे गेली. मध्यंतरी छातीच्या फोटोवर डाग दिसले म्हणून दोनदा क्षयाची औषधे देऊन झाली.

असे घोटाळे पूर्वी सगळीकडेच होत. १९३८ पर्यंत या रोगाला स्वतंत्र नावही नव्हते. अशी मुले कधी न्यूमोनियाने गेली, कधी पोटाच्या विकाराने गेली, असे लिहिले जाई. न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयात डॉ. डोरोथी अँडरसन या मृत मुलांच्या शरीराची तपासणी करणाऱ्या डॉक्टर होत्या. पोटाच्या एका विकाराने गेली असे समजल्या जाणाऱ्या मुलांत त्यांना काहींचे स्वादुपिंड निराळेच दिसले. त्यात द्रवाने भरलेल्या बारीक पिशव्या होत्या आणि भोवती व्रणासारखे राठ तंतू माजले होते. पिशवी म्हणजे ‘सिस्ट’ आणि तंतूंचे माजणे म्हणजे ‘फायब्रोसिस’. रोगाचे नाव हे एवढेच. आता त्या नावाचा तोटा असा की रोग स्वादुपिंडाचाच आहे असे वाटते, आणि तसे मुळीच नाही.

खरे मूळ उघडकीस येण्यास उन्हाळा कारण झाला. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये भयंकर उष्म्याची लाट आली. उन्हाने कासावीस होऊन जी मुले रुग्णालयात दाखल झाली, त्यांत या रोगाच्या मुलांचा भरणा फार दिसला. डॉ. पॉल दि सँट अॅग्निस यांच्या मनात प्रश्न आला की याच मुलांना ऊन एवढे का बाधते? त्यांनी सहकाऱ्यांसह या मुलांचा घाम तपासला आणि १९५३ मध्ये जाहीर केले की त्यात मिठाचे प्रमाण इतरांच्या घामाहून कितीतरी अधिक असते. जुनी समजूत खरी ठरली. मग १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक या दोघांनी घाम गोळा करण्याची सुरक्षित रीत बसविली. हातावर एक औषध लावून अगदी सौम्य वीजप्रवाहाने ते कातडीत उतरवायचे, तेवढ्या जागेचा घाम अर्धा तास टिपून घ्यायचा आणि त्यातील क्लोराइड मोजायचे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, एवढे शाळेत सर्वांनीच शिकलेले आहे. लिटरमागे क्लोराइड ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आले तर रोग असण्याचा संभव फार. ३० च्या खाली आले तर बहुधा नाही. आमच्या मुलाचे आले ९८. सुई नाही, रक्त नाही. त्याला तर गुदगुल्या झाल्या म्हणाला.

पण घाम खारट का? हे शोधणाऱ्यांत पॉल क्विंटन नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होते. त्यांना स्वतःलाच हा रोग होता, आणि आपल्याच कातडीतील घर्मग्रंथी काढून त्यांनी त्यांवर प्रयोग केले. १९८३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की या ग्रंथींच्या नळीतून क्लोराइड आत-बाहेर जाऊ शकत नाही. ज्याचे दुखणे त्यानेच त्याचे मूळ खणून काढावे, असे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच.

हे मला समजले ते शेतीच्या भाषेत. उसाला पाणी देताना आपण दारे धरतो. एका सरीचे दार उघडले नाही तर काय होते? पाटात पाणी तुंबते आणि सरी कोरडी राहते. शरीराच्या पेशींच्या पडद्यात अशीच बारीक दारे असतात. त्यांतील एक दार क्लोराइडचे आहे. त्याला सीएफटीआर म्हणतात. क्लोराइड गेले की त्याच्यामागे सोडियम जाते आणि मिठामागे पाणी जाते, हा शरीराचा नियम. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हे एक दार नसते, किंवा असून उघडत नाही. बाकी सारा रोग म्हणजे या एका न उघडलेल्या दाराचे परिणाम होत.

घामाचेच घ्या. घर्मग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो तेव्हा तो सर्वांचाच खारट असतो. नळीतून वर येताना हे दार त्यातील मीठ परत शरीरात ओढून घेते, म्हणून आपल्या अंगावर येणारा घाम बेताचा खारट लागतो. दार बंद असेल तर सगळे मीठ घामाबरोबर बाहेर. उन्हाळ्यात अशा मुलाच्या अंगातील मीठ झपाट्याने जाते. त्याला ग्लानी येते, उलट्या होतात. आणि विशेष हे की पाण्याबरोबर मीठही जात असल्याने तहान पुरेशी लागत नाही. मूल पाणी मागत नाही म्हणून आईबाप निर्धास्त, आणि मूल इकडे कोमेजते आहे. आमच्यासारख्या दुष्काळी मुलखात, मे महिन्यात, ही गोष्ट किती घातक आहे हे सांगणे नको.

फुप्फुसात याच दाराचे काम उलट्या दिशेचे असते. श्वासनलिकांच्या आतील अंगावर पाण्याचा एक अतिशय पातळ थर असतो; हे दार क्लोराइड बाहेर सोडते, त्यामागे पाणी येते आणि तो थर ओला राहतो. त्या ओलीवर श्लेष्म्याचा थर तरंगतो. श्वासाबरोबर आलेली धूळ आणि जंतू त्याला चिकटतात आणि खालचे केसांसारखे सूक्ष्म तंतू वल्ही मारल्याप्रमाणे त्याला घशाकडे ढकलीत राहतात. ही झाडलोट आपल्या सर्वांच्या छातीत रात्रंदिवस चाललेली असते आणि आपल्याला पत्ताही नसतो. या मुलांत ओल कमी पडते. श्लेष्मा काकवीसारखा घट्ट होतो, तंतू त्यात रुततात आणि झाडलोट थांबते. मग जंतूंना आयते घर मिळते. त्यांतील स्यूडोमोनास नावाचा जंतू एकदा वस्तीला आला की हलण्याचे नाव घेत नाही. शरीर त्याच्याशी लढते आणि त्या लढाईतच श्वासनलिकांच्या भिंती झिजतात, फुगतात, कायमच्या ढिल्या पडतात. या रोगाची माणसे दगावतात ती बहुतांशी या फुप्फुसांच्या नासाडीने.

स्वादुपिंडाची गोष्ट याहून सोपी आहे. अन्न पचविणारे रस तेथे तयार होतात आणि बारीक नळ्यांतून आतड्यात उतरतात. नळ्यांत ओल नसेल तर रस तेथेच घट्ट होऊन बसतो आणि त्या बुजतात. आतड्यात रसच पोहोचला नाही तर तूप, तेल, दूध पचावे कसे? ते जसेच्या तसे बाहेर पडते. तेलकट शौचाचे कारण हेच. चरबीत विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही तिच्याबरोबर जातात. मामी पोराला चांगले दिसावे म्हणून भाकरीवर तुपाची धार धरीत असे. ते तूप त्याच्या अंगी लागणे शक्यच नव्हते. काही मुलांचे पहिले शौचच इतके घट्ट असते की जन्मतःच आतडे तुंबते. पुढे यकृतात पित्त साकळते, मोठेपणी पुष्कळांना मधुमेह होतो, आणि या रोगाच्या जवळजवळ सर्व पुरुषांना वीर्यवाहिनी तयारच न झाल्यामुळे निसर्गतः अपत्य होत नाही. बुद्धीला मात्र या रोगाची काही बाधा नाही. आमचा मुलगा पाढ्यांत वर्गात पहिला आहे.

हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे तो नाही, अशी समजूत आपल्या डॉक्टरांतही पुष्कळ काळ होती. गोऱ्यांत तो जास्त आहे हे खरे. त्यांच्यात सुमारे २,५०० ते ३,५०० जन्मांमागे एक मूल असे आढळते. परंतु १९६८ पासून भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतही अशा मुलांच्या नोंदी येऊ लागल्या, आणि पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुशीलकुमार काबरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो खोकणारी, खंगणारी मुले तपासून हा रोग येथेही आहे हे दाखवून दिले. घाम तपासण्याचे परदेशी यंत्र महाग, म्हणून त्यांनी घाम गोळा करण्याची देशी, स्वस्त रीत तयार केली आणि २००२ मध्ये ती प्रसिद्ध केली. तथापि तालुक्याच्या ठिकाणी घामाची तपासणी आजही होत नाही. ‘आपल्याकडे हा रोग नाही’ असे म्हटले की कोणी तपासणी करीत नाही, आणि तपासणी केली नाही की रोग सापडत नाही. आमच्या मामीला या मुलाच्या आधी एक मुलगा झाला होता. तो पाच महिन्यांचा होऊन न्यूमोनियाने गेला, असे आम्ही सगळे म्हणत आलो. त्याचा मुका कसा लागे, हे मी मामीला अजून विचारलेले नाही.

उपचारांचे सांगायचे तर रोज खपावे लागते. प्रत्येक जेवणाबरोबर पाचक रसांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. त्यांतील बारीक गोळ्या चावायच्या नसतात, नाहीतर जठरातल्या आम्लाने त्या वाया जातात. हे रस डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. आजी माळकरी आहे, तिला ही माहिती घरातल्या कोणीही अद्याप दिलेली नाही. जेवणात तूप-तेल कमी न करता उलट वाढवायचे, मीठही वरून द्यायचे. सकाळ-संध्याकाळ पोराला पालथे, कुशीवर निजवून पाठीवर हाताच्या ओंजळीने थापटायचे, म्हणजे श्लेष्मा सुटतो. हे काम मामाकडे आहे आणि तो ते नेमाने करतो. शिवाय यंत्राने मिठाच्या पाण्याची वाफ छातीत घ्यायची. या मिठाच्या वाफेची हकीकत गमतीची आहे. ऑस्ट्रेलियात समुद्राच्या लाटांवर फळीवरून खेळणाऱ्या या रोगाच्या रुग्णांची छाती इतरांपेक्षा बरी असते असे तेथील डॉक्टरांना दिसले. खारे तुषार छातीत जातात, मीठ पाणी ओढून घेते आणि श्लेष्मा ओला होतो. पुढे रीतसर प्रयोग झाले आणि २००६ मध्ये ते सिद्ध झाले. घामातून जे मीठ निष्कारण वाहून जाते, तेच छातीला मात्र वरून द्यावे लागते.

दार का बिघडते, हे १९८९ मध्ये कळले. टोरांटोचे लॅप-ची त्सुई आणि जॅक रिऑर्डन व अमेरिकेतील मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांनी सातव्या गुणसूत्रावर या दाराचे जनुक शोधून काढले. हे दार म्हणजे १,४८० मण्यांची एक माळ आहे असे समजा. युरोपातल्या बहुसंख्य रुग्णांत या माळेतील ५०८ वा मणी गळालेला असतो. एवढ्याने माळ नीट वळत नाही आणि पेशी ती बिघडलेली समजून जागेवर बसविण्यापूर्वीच मोडीत काढते. सुताराने दार तर केले, पण ते चौकटीपर्यंत गेलेच नाही, असा हा प्रकार. आजवर या जनुकात दोन हजारांहून अधिक फरक नोंदले गेले आहेत. सगळेच रोग करतात असे नाही. भारतीय मुलांत ५०८ चा फरक युरोपीयांच्या मानाने कमी आढळतो, पण आमच्या मुलात तोच निघाला, आणि दोन्ही प्रतींत निघाला.

डॉक्टर म्हणाले, एका अर्थी हे चांगले झाले. कारण या फरकावर आता औषध आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत पहिले असे औषध मंजूर झाले जे दार उघडे धरते. ते थोड्याच रुग्णांना लागू पडे. २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी आली. त्यांतली दोन माळ नीट वळवून दार चौकटीपर्यंत पोहोचवितात आणि तिसरे ते उघडे धरते. ती घेणाऱ्यांचा घाम आळणी होऊ लागतो, श्लेष्मा सुटतो, वजन वाढते. ज्या रोगात १९५० च्या सुमारास मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंतही क्वचितच पोहोचत, त्यात आज अमेरिकेत जन्मणारे मूल साठीच्या पुढे जाईल असा अंदाज तिकडचे लोक बांधतात. औषध बाजारात आले तेव्हा त्याची अमेरिकेतील किंमत होती एका वर्षाला तीन लाख डॉलरांहून अधिक, म्हणजे आपले दोन-अडीच कोटी रुपये, आणि ते जन्मभर घ्यायचे आहे. आपल्या सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात या रोगाचे नाव आहे. आणि २०२२ पासून एका रुग्णास मिळू शकणारी मदत आहे जास्तीत जास्त ५० लाख. हिशेब वाचकांनीच करावा. मामाने केला, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

आता आनुवंशिकतेविषयी, आमच्या घरात खरी गुंतागुंत येथेच झाली. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल तर काहीही होत नाही. एक दार पुरेसे असते. अशा माणसाला वाहक म्हणतात आणि त्याला आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच, आणि दोघांकडून बिघडलेलीच प्रत आली तरच, मूल आजारी. प्रत्येक खेपेस हा संभव चारांत एक. प्रत्येक खेपेस, हे मला शेजारच्या बायकांना फार वेळा सांगावे लागले. “एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली,” असे कोणी म्हणत होते. फासा मागची दाने ध्यानात ठेवीत नाही. मामीला तीन मुले झाली. पहिली मुलगी ठणठणीत आहे, दुसरा गेला, तिसरा हा.

आजी सुरुवातीपासून मामीला बोल लावी. “माझ्या लेकात काही खोट नाही, पोरीच्या कुशीतच काहीतरी आहे.” बिघडलेली एक प्रत तिच्या लेकाकडूनही आलेली असल्याशिवाय हा रोग होतच नाही, हे मी तिला दोन-तीनदा सांगितले, तिला ते पटले नाही. मग मी कागदावर घराचा वंशवृक्ष काढला. आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. माझ्या मामानेही त्याच्या मामाची मुलगी केली. म्हणजे आजी ही मामाची आई, आणि मामीची सख्खी आत्या. दोघांच्या बिघडलेल्या प्रती एकसारख्या आहेत. तेव्हा त्या एकाच पूर्वजाकडून आल्या असण्याचा संभव सर्वांत मोठा, आणि तो पूर्वज म्हणजे आजीचे आई किंवा वडील. त्यांच्याकडून एक प्रत आजीकडे आणि तिच्याकडून मामाकडे आली. दुसरी आजीच्या भावाकडे आणि त्याच्याकडून मामीकडे. आजीने कागद बराच वेळ पाहिला. नंतर म्हणाली, “म्हणजे माझ्याच माहेराहून आलं म्हण की.” मी म्हटले, आजी, खोट कोणाचीच नाही, आणि अशी प्रत कोणाच्याही घरात असू शकते. त्यानंतर तिने मामीला बोल लावल्याचे मी ऐकलेले नाही.

मात्र तो वंशवृक्ष तेथेच थांबत नाही. आजी वाहक असेल तर माझी आई वाहक असण्याचा संभव निम्मा, आणि मी व माझा दादा यांचा प्रत्येकी चारांत एक. मामाची मुलगी निरोगी आहे; आजारी असण्याची शक्यता वगळली की उरलेल्या तिहींपैकी दोन शक्यतांत ती वाहक ठरते. आणि ती लहान असल्यापासून घरात तिचे नाव दादाशी जोडलेले आहे. हा सगळा हिशेब मांडला तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चोविसांत एक येतो. दोघांपैकी एक जरी वाहक नसल्याचे ठरले तरी या फरकाची भीती जवळजवळ संपते. दोघेही वाहक निघाले तर ती चारांत एक होते. घरात कोणता फरक आहे हे ठाऊक असल्यामुळे तपासणी साध्या रक्ताची आहे. दोघे वाहक असूनही लग्न झालेच, तर गर्भ अकरा-बारा आठवड्यांचा असताना वारेचा अंश तपासून निदान होऊ शकते, असेही डॉक्टरांनी सांगितले.

वडिलांचे म्हणणे, शब्द दिलेला आहे, रक्त तपासून सोयरीक करणे आपल्यात नाही. आईला काहीच बोलवत नाही, कारण एकीकडे भाऊ आणि दुसरीकडे मुलगा. दादा म्हणतो बघू. मामाची मुलगी यंदा बारावीला आहे. तिने मला विचारले की अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःच्या सहीने तपासणी करता येते का. येते, असे मी तिला सांगितले आहे. तिला जानेवारीत अठरा पूर्ण होतील.